छावणीचा प्रोग्राम
शिरूर कासारच्या ऊसतोड्यांच्या घरातून पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकलेला आणि तरीही परत आलेला माणूस एकच, त्रिंबक. दूध सोसायटीत त्याला सगळे साहेब म्हणत. दुष्काळात सोसायटीने जनावरांची छावणी उघडली, तेव्हा कानातले बिल्ले वाचून चाऱ्याची यादी काढणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला. यादीत नंबर नाही तर चारा नाही, हाताने लिहिलेला नंबर चालणार नाही. तपासणीच्या धाकाने सेक्रेटरी सुंदरराव या नियमावर अडून बसलेले.

एप्रिलात नवे बिल्ले आले, त्यांचे आकडे लांब. प्रोग्राम ते वाचेना. बदल चार ओळींचा, पण प्रोग्राम नव्याने बांधायला घेतला आणि पडदा लाल चुकांनी भरला. ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडवर, सगळं उभं होतं, तिची नवीच आवृत्ती नेटवरून उतरली होती. तिला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही नवा हवा, आणि तो सोसायटीच्या म्हाताऱ्या मशीनवर बसेना. जुन्या आवृत्तीची प्रत मशीनवर होती. पण खंडेनवमीला हत्यारं घासतात तसं मशीनही पूजेआधी साफ करावं म्हणून त्रिंबकनेच ती अडगळ समजून पुसली होती. अतिशहाणपणा, दुसरं काय!

छावणीतल्या वत्सलाबाईंच्या गाईच्या कानात नवा बिल्ला. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "त्रिंबका, न्हाई व्हणार आसंल तर सांग. गाय लिंबागणेशला लेकीकडं नेते. आजून चालंल ती."

"काकू, दुपारपस्तोर व्हतंय."

कोणती आवृत्ती चालत होती, हे त्याने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. एक उतरवली तर एकोणीस चुका. दुसरी उतरवली तर तिच्यासोबतच्या लायब्ररीला पुन्हा नवाच कंपायलर पाहिजे. तिसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी विचारलं, "कावून व्हईना रं?" तो पुन्हा दुपारचंच बोलला. जमत नाही म्हणायला साहेबाची जीभ रेटेना. शेजारणी आपल्या पेंढीतला घास गाईपुढे टाकत होत्या, पण आधीच हाडं वर आलेली गाय घासावर किती तगणार?

सहाव्या दिवशी सकाळी नेमकी आवृत्ती सापडली. एकही चूक न येता प्रोग्राम बांधून झाला. छापलेली यादी घेऊन तो धावत निघाला, तर वत्सलाबाई सोसायटीच्या दारातच उभ्या.

"पहाटं बसली, ती उठलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "यादीत नंबर आला आसंल तर काढून टाक, बाबा. तिच्या नावावर कुणी चारा उचलाया नगं."

पहिल्या दिवशी त्याने खरं सांगितलं असतं तर गाय आज लेकीच्या दारात असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी चार शिव्या हासडाव्यात असं त्याला फार वाटलं. त्यांनी नंबर पुसला गेल्याची खात्री करून घेतली आणि त्या छावणीकडे वळल्या.