पट्टा तुटला तेव्हा

काल देगलूरहून एक जुना मराठी टाइपरायटर माझ्याकडे दुरुस्तीला आला. झाकण काढताच रिबिनीच्या शाईचा वास आला आणि मी थेट नांदेडच्या टायपिंग परीक्षेत जाऊन बसले. "औंदा नापास झालीस तर सोयरीक पक्की करतो बघ," असं आण्णांनी त्या सकाळी बजावलं होतं.

पेपर सुरू झाला आणि कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, ओढणारा पट्टाच तुटला. अक्षरावर अक्षर बसू लागलं. सुपरवायझर आले. त्यांनी आपला जेवणाचा डबा मशीनच्या उजव्या बाजूखाली सरकवला आणि स्वतः डावीकडे वाकून उभे राहिले.

"उतारावर आपोआप सरकतंय. मी नुसतं मशीन धरतो, तू टाइप मार."

कुणी मदत करतंय का, हे समोरून परीक्षेचे मोठे साहेब रोखून बघत होते. मी मान वर केली नाही. पास झाले, नोकरीला लागले.

या मशीनचाही पट्टा तुटलेलाच होता. मी हौसेनं उजवीकडे डबा लावला आणि टाइप करू लागले. कॅरेज तसूभरही हलेना. दुसरा डबा लावला, तरी नाही. मग सुपरवायझर वाकून उभे होते त्या डाव्या बाजूनं बोटानं कॅरेज हळूच ओढून धरली, तेव्हा कुठे ती एकेका अक्षरानं सरकू लागली.