दारातली रांगोळी

स्टॅबिलायझर टक् करून वाजला की मला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या आमच्या गल्लीतली कोरोनातली एक दुपार आठवते. अप्पा घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि आम्ही ते लपवलं होतं, कारण कळलं असतं तर पालिकेच्या लोकांनी दारावर पत्रे ठोकून घर बंद केलं असतं. आमच्याकडे दारात रांगोळी दिसली नाही की त्या घरात काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळतं, म्हणून आई रोज पहाटे तांदळाच्या पिठाची रांगोळी न चुकता काढायची. त्या दुपारी अख्खी गल्ली घरात कोंडलेली, घरोघर एसी चालू. व्होल्टेज पडलं, पंखा रेंगाळला आणि मशीन किंचाळायला लागलं. अप्पांचे ओठ निळे पडत होते. "हात सोडू नकोस त्यांचा," असं मला मराठीत सांगून आई बाहेर धावली आणि रांगोळीवरच उभी राहून तमिळमध्ये ओरडली, "आमच्या घरात कोरोना आहे! एसी बंद करा, ह्यांचं मशीन थांबलंय!" तिच्या आवाजाने उघडलेल्या खिडक्या धडाधड मिटल्या. मग एकेक एसी गप्प होत गेला आणि मशीन पुन्हा घरघरू लागलं. संध्याकाळी पत्रे आलेच, पण अप्पा वाचले. आता आमच्याकडेही एसी आहे, पण तो लावण्याआधी आई शेजारी विचारून येते, कुणी आजारी नाही ना. दारातल्या रांगोळीवर तिचा विश्वास उरलेला नाही.