मोकळ्या खाचेतला राखणदार

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर हातखंब्याजवळ. मुंबईहून भावजी, म्हणजे ताईचे यजमान, आले ते खेळाचा कॉम्प्युटर घेऊन. टीव्हीला जोडायचा, कॅसेट खोचायची, की पडद्यावर एक माणूस उड्या मारायचा. वस्तू त्यांच्या साहेबांची, मागून आणलेली. रत्नागिरीला जाऊन येईपर्यंत हात लावू नकोस, असं मला बजावून ते गेले.

मला! पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेल्या माणसाला!

भर दुपार, घर निजलेलं. मी झाकण उघडलं. आत हिरवी पाटी. काय आखणी होती म्हणून सांगू! मधोमध मोठी चिप, वाडीत देऊळ असावं तशी. तिथून तांब्याच्या बारीक वाटा निघून घरोघरी गेलेल्या. एक वाट दुसरीला आडवी जाईल तर शपथ. आमच्या वाडीत बांधावरून किती भांडणं! बाजूला लहान चिपांची रांग, आणि रांगेच्या शेवटी एक खाच मोकळी. पायांची भोकं तयार, नंबर छापलेला, चिपच नाही.

माझ्या हातून पडली? सगळी जमीन झाडून काढली. नाही. घाबरत घाबरत टीव्ही लावला, तर खेळ चालू. मी हात बांधून लांब उभा, आणि पडद्यावरचा माणूस आपला आपण चालायला लागला. खड्डा आला की थांबायचा. विचार केल्यासारखा. मग उडी. बटणं जागची हलत नव्हती.

काकी उठून आली. उघडी पाटी, मोकळी खाच आणि तो चालणारा माणूस, तिन्हींकडे तिने बघितलं.

"मोकली जागा दिसली," ती हळूच म्हणाली, "कोनतरी येवन बसलाय."

खोटं कशाला बोलू, मला पटलं. आमच्याकडे साधा गोठा बांधायचा तरी आधी जागेच्या राखणदाराला नारळ देतात. इथे अख्खी वस्ती वसवली होती आणि कोणी त्याला विचारलंही नव्हतं. मी धावत जाऊन गुरवाला आणलं. त्याने पाटीसमोर बसून गाऱ्हाणं घातलं.

"जो कोन हितं बसला असंल, त्यानं आपल्या वाटेनं जावं, आन् सायबाची वस्तू शाबूत ऱ्हावी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

आणि पडद्यावरचा माणूस थांबला. खड्ड्याच्या काठावर, आमच्याकडे तोंड करून. नारळ बाहेर पायरीवर फोडायचा असतो हे मलाही ठाऊक होतं. पण तो पुन्हा चालायला लागायच्या आत म्हणून मी तिथेच कोयती मारली. सगळं पाणी पाटीवर. पडदा काळा झाला.

संध्याकाळी भावजी आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोकळी खाच कारखान्यातूनच येते म्हणाले, पुढे मेमरी वाढवायला. आणि कोणी खेळत नसलं, की तो माणूस आपला आपण खेळून दाखवतो, गिऱ्हाइकांसाठी. मग त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पाटीवर बोट फिरवून जिभेला लावलं.

"गाऱ्हाणं पोचलं, बाबू," ते म्हणाले. "आता आत खरंच कोणी नाही."