ढब्बूचे हात

माझी आत्या लिफ्ट दुरुस्त करायची. अडकलेली माणसं बाहेर काढायची आणि वर त्यांनाच दटावायची, "दार बडवून लिफ्ट हलते का?" शहराला तेव्हा रोबोंच्या बॉक्सिंगचं वेड लागलं होतं. आत्यानंही लिफ्टच्या जुन्या मोटारी जमवून एक रोबो उभा केला. दाराएवढा उंच आणि पोट सुटलेला, म्हणून त्याचं नाव ढब्बू. रिंगणाबाहेरून रिमोटवर त्याला मी चालवायचे.

पण लिफ्टवाल्या बाईनं रोबो केला की काय होणार? दारात माणूस असला की लिफ्टचं दार मिटत नाही, तसा समोर माणूस असला की ढब्बूचा हात उठत नसे. माणूस तो अंगाच्या उबेवरून ओळखायचा. मी म्हटलं, "अगं, रिंगणात माणसं कशाला येतील?"

"हात चालवणारा एक जण आपल्या घराण्यात झाला, तेवढा पुरे," आत्या म्हणाली.

तो एक जण म्हणजे माझा बाप, तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या घरातून मला तिनंच उचलून आणलं आणि पुन्हा भावाचं तोंड पाहिलं नाही.

घोटाळा असा, की लढता लढता समोरचा रोबोही तापतो. पहिल्या फेऱ्यांत ढब्बू झकास ठोसे हाणायचा आणि शेवटच्या फेरीत हात खाली सोडून लग्नातल्या पाहुण्यासारखा उभा राहायचा. लोक पोट धरधरून हसत. असं हरत हरत आम्ही अशा सामन्यापाशी आलो, की हाही हरलो तर नियमाप्रमाणे ढब्बूची रवानगी थेट भंगारात.

शेवटची फेरी उरली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. "आत्या, आजच्यापुरता तो सेन्सर काढ ना."

"नाही," म्हणून ती उठली आणि तडक प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात गेली. "तुमचा गडी फार तापलाय हो, मोटार जळेल." तिनं आमचा पंखा त्यांच्याकडे वळवला, त्यांच्या रोबोच्या छातीवर ओली फडकी टाकली. त्या भल्या माणसानं तिचे आभारही मानले. मी कपाळाला हात लावला. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

घंटा झाली. गारेगार झालेला गडी पुढे आला आणि ढब्बूनं मागचापुढचा सगळा हिशेब चुकता केला. गडी दोरांवर कोसळला तो उठलाच नाही.

विजेत्याचा हात वर करायला पंच आले. हात हलेना. त्यांनी जोर लावून पाहिला. "बिघडला की काय?"

"नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही समोर उभे आहात ना."

मी रिमोट ठेवला आणि सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात पडले. कुणी हात उचलला की दचकायचं, ही माझी सवय तिच्या घरात कधी सुटली ते मलाही कळलं नव्हतं. तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते. ते त्या दिवशी मानले.

"अगं, ग्रीस लागेल कपड्यांना," ती म्हणाली. पण मला सोडलं नाही.