सासू निपाणीची

मंडळी, तालमीहून थेट ऑफिसात येऊन हे लिहितोय, कारण सकाळचा आनंद अजून ओसरलेला नाही.

आज जे. पी. नगरात आपल्या गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम होती. सासूचं काम शारदाक्कांकडे आहे. त्या मूळच्या निपाणीच्या, बोलण्यात कानडी हेल. पुण्याहून नवे आलेले आपले दिग्दर्शक त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसत होते. शेवटी म्हणाले, "काकू, तुम्ही पडदा सांभाळा. सासू पुण्याची आहे हो!"

अक्का बाजूला झाल्या.

मी उठलो. "आपण इथे कानडी मुलखात येण्याच्या कितीतरी आधीपासून या बाईंनी घरात मराठी जपलीय. त्यांनाच पडद्यामागे पाठवता? त्यापेक्षा सासू निपाणीची करा!" माझा आवाज चढतच गेला.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प थांबा की. माझं वाक्य राहिलंय."

सगळे हसले, दिग्दर्शकही. म्हणाले, "बरं, निपाणीची तर निपाणीची." मग अक्कांनी ते वाक्य असं फेकलं की सुनेचं काम करणारी मुलगी खरंच दचकली!

प्रयोग रविवारी आहे. लोक हसतील म्हणून चारचौघांत मराठी बोलायचं टाळणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का? त्यांना पुढच्या रांगेत आणून बसवा.