मावशीचे धवले

सांगायला लाज वाटते, पण त्या छोट्या यंत्राची हौस माझीच होती. मी तेव्हा मुरबाडला राहायचे आणि टोकावड्याच्या बाजूला शाळेत शिकवायचे. एसटीत येता-जाता रोज दीड तास जायचा, आणि ड्रायव्हरच्या आवडीची गाणी ऐकून माझं डोकं उठायचं. म्हणून बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर घेतला. कानात बोंडं घातली की कोणी काही विचारत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

घरात चाळीसेक सीड्या होत्या. बहुतेक सिनेमाच्या, काही भावगीतांच्या, आणि एक मावशीची.

माझी मोठी मावशी धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिला तोंडपाठ असतं, आणि ती गायला लागल्याशिवाय कोणी पुढचं पाऊल उचलत नाही. खर्डीच्या आसपासच्या कितीतरी पाड्यांवरची लग्नं मावशीनं लावली. माझंही तिनंच लावलं. त्या वेळी वडिलांनी टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाला बांधून तिचे सगळे धवले भरून घेतले होते. पुढे कॅसेट घरघरायला लागली, तेव्हा मी शहापूरच्या एका दुकानातून तिची सीडी करून आणली आणि कॅसेट टाकून दिली. सीडीवर निळ्या पेनानं लिहिलं, ‘मावशी – धवले’. अक्षर माझं चांगलं आहे, ते लांबून ओळखू येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी रोज दुपारी संगणकापुढे बसून एकेक सीडी आत घ्यायला लागले. मावशीची पहिल्याच दिवशी घेतली. आमच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यामुळे गाण्यांना आपोआप नावं यायची नाहीत. एमपीथ्रीच्या सीड्यांवर नावं आधीच होती, पण मावशीच्या आणि सिनेमाच्या काही जुन्या सीड्यांची गाणी ट्रॅक एक, ट्रॅक दोन अशीच उतरायची. शेवटी सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतायला गेले, तर संगणक विचारू लागला, याच नावाची फाइल इथे आहे, तिच्या जागी ही ठेवू का? दोन-तीनदा विचारल्यावर मी वैतागले. पोरांनी एकच प्रश्न पुन्हा विचारला की वैतागते, तशी. आणि ‘सगळ्यांना होय’ हे बटण दाबून मोकळी झाले. रोज पन्नास पोरांना ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असं सांगणारी बाई मी.

आता सीड्या काढून टाकायच्या म्हटल्या, तर नवरा म्हणाला, ठेव, असू देत. मी म्हटलं, तुम्हाला रिकामी खोकीसुद्धा टाकवत नाहीत. त्यानं त्या दिवशी जरा भांडायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटलं. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारायची माझी ही जुनी खोड आहे.

गणपतीत मावशीकडे गेले, तेव्हा सीड्यांची पिशवी बरोबर नेली. लवकर पिकणारं हळवं भात दाण्यावर आलं होतं आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. त्या दिवसांत शेताशेतातून सीड्या टांगलेल्या दिसायच्या. उन्हात लखलखल्या की पाखरं बिचकतात. मावशी खूश झाली. बांधावर बसून तिनं एकेका भोकातून दोरा ओवला. निळ्या अक्षरांची सीडी तिच्या हातात आली तेव्हा मी समोरच होते. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “ही चांगली दिसतं गो. कामाची नाय ना?”

“नाय मावशे,” मी म्हटलं, “त्यातलं सगळं माझ्याकडे आलंय. बांध तू.”

तिनं ती सगळ्यात उंच काठीला बांधली.

तुळशीच्या लग्नानंतर मावशीचा निरोप आला. नातीचं लग्न ठरलं होतं, आणि मावशीचा गायचा आवाज त्या पावसाळ्यात बसला तो बसलाच होता. धवले आता सुनेनं म्हणायचे होते. सुनेला ते तोंडी सांगावेत, तर मावशीला सांगताच येईनात. म्हणायची, “गायला लागलू का आपसूक येतं, सांगाया गेलू का नाय आठवत.” म्हणून माझ्याकडची गाणी तिला हवी होती. सून ऐकून शिकणार होती.

मी प्लेअर काढला. मे महिन्यापासून मी ते धवले एकदाही लावले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. आहेत ना आपल्याजवळ, एवढ्यावरच माझं समाधान होतं. ट्रॅक एक लावला, सिनेमाचं गाणं. दोन, सिनेमाचं. शेवटपर्यंत गेले. मग संगणक धुंडाळला. मावशी कुठेच नव्हती.

रविवारी खर्डीला गेले ती घरी न जाता आधी शेतावर. भात कापून झालं होतं. काठ्या तशाच उभ्या होत्या, दोरे लोंबत होते, सीडी एकही नव्हती. मी खूप रडले. मग तोंड धुऊन घरी गेले आणि मावशीला सांगितलं, यंत्र बिघडलंय, दुरुस्तीला दिलंय. “मंग आनशील सवडीनं,” ती म्हणाली.

लग्नात सून आठवेल तेवढं गायली. हळद निभावली. मांडवात मधेच अडली, तेव्हा मावशी तिच्या कानाशी तोंड नेऊन नुसता ओठ हलवत राहिली. नवरी पाटावर खोळंबली. शेवटी कोणीतरी बँडवाल्याला खूण केली आणि तो वाजवायला लागला. मावशी बाजूला होऊन बसली.

जेवणं झाल्यावर मोरीपाशी सून मला भेटली. इकडेतिकडे बघत म्हणाली, “ताय, तुमचं अक्षर मी वळखलं व्हतं. कापणीला सीड्या काढताना गावली. शेजाऱ्याच्या मशीनवर लावली, पन उन्हापावसानं खपल्या निघालेल्या. नाय वाजली. तुमच्याकडंबी गाणी नायत, ह्ये समजलं मला.”

मी विचारलं, “मावशीला सांगितलंस?”

“नाय. तुमीबी नका सांगू. त्यांनीच सोताच्या हातानं बांधली, त्यांना सोसायचं नाय.”

मी सांगितलं नाही. त्यानंतर मावशी दोन वर्षं होती. कोणाच्या घरी लग्न निघालं आणि धवलारीण कुठून आणायची अशी पंचाईत झाली, की ती माझ्याकडे बोट दाखवायची. “माझी गाणी हिच्याकडं हायेत,” ती मला समोर बसवून सांगायची, “मास्तरीण हाय ती. नीट ठेवलीत तिनं.”

आणि मी मान हलवायचे.