बिनएंझाइमची नळी

कंधारकर सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जामबागच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. महिना झाला त्याला... आज त्या रडण्याचाच राग येतो.

सर माझे पीएचडीचे गाइड. तारनाक्याच्या प्रयोगशाळेत आम्ही ग्राफीन वापरायचो, म्हणजे कार्बनचा अणूइतका पातळ पापुद्रा. चमकणारा रंग लावलेला डीएनएचा तुकडा त्याला चिकटला की उजेड विझतो. एंझाइम कात्रीसारखं तो तुकडा कापतं, बारीक कण सुटतात आणि नळी पुन्हा उजळते. जितका उजेड, तितकं एंझाइमचं काम. सरांनी हे मला डब्यातल्या पोळीला चिकटलेल्या तिळांवरून समजावलं होतं. शिकवायचे फार मायेनं, ते मी आजही नाकारत नाही.

एक नळी मात्र बिनएंझाइमची ठेवायची. ती अंधारीच राहायला हवी. माझी उजळली. पुन्हा केली, पुन्हा उजळली. सर हसून म्हणाले, "हौ, काय की, नळीच नीट धुतली नसशील. तुझा हात साफ नाही गं." हे वाक्य लॅबभर झालं. माझ्या प्रयोगांवर कुणाचा भरवसा उरला नाही, माझाही नाही. वर्षभरात मी पीएचडी सोडली. नंतर सरांचा शोधनिबंध छापून आला. त्यात बिनएंझाइमच्या सगळ्या नळ्या अंधाऱ्या होत्या, आणि मी पेढे घेऊन अभिनंदनाला गेले होते.

परवा वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, घरी बोलावलं. सर लॅबची वही इंग्रजीत लिहायचे, मनातलं मात्र घरच्या वहीत, मराठीत. तेलुगू मुलखातल्या त्या लॅबमध्ये ते वाचणारी मी एकटीच. त्यांच्या मुलालाही मराठी वाचता येत नाही, म्हणून त्या वह्या चाळायचं काम माझ्याकडे आलं. "हात साफ नाही" म्हणाले त्याच्या आठवडाभर आधीचं पान निघालं. "एंझाइम नाही, तरी उजेड. नवी कोरी नळी. चौथ्यांदा तेच. द्रावणातलं दुसरंच प्रथिन तुकडा न कापता सोडवतंय." म्हणजे दोष माझ्या धुण्याचा नव्हता, हे सरांना ठाऊक होतं...

वहिनी चहा घेऊन आल्या. "तुमचं नाव नेहमी काढायचे. म्हणायचे, इतका साफ हात पुन्हा मिळाला नाही."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"तोंडावर कौतुक करायचा स्वभावच नव्हता हो त्यांचा," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांना पान दाखवलं नाही. घरी येऊन कप विसळायला घेतला. स्वच्छ निघाला, तरी आणखी दोनदा विसळला. दहा वर्षं मी प्रत्येक भांडं असंच धुते आहे.